उंदराला मॅनिया होतो का? भाईकाकांचा प्रश्न

खाडीकाठ

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या भाईकाकांनी मला एक प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झाले. मी फार्माकॉलॉजी शिकवते, त्यामुळे हे जरा लाजिरवाणंच. म्हणून हा धागा.

भाईकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बायपोलर, म्हणजे मन कधी उधळतं (तो मॅनिया), कधी पार खचतं. त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त गाव सांगत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी सहावीत होते. शिमग्याचे दिवस होते, पालखी घरोघर फिरत होती आणि चार-पाच रात्री काका ढोलाबरोबरच होते. पालखी देवळात गेली तरी काका काही झोपले नाहीत. एका पहाटे तीनला आंबे उतरवायची घळ घेऊन कलमांवर चढले आणि उजाडायच्या आत वाडीतल्या प्रत्येक घराच्या पायरीवर टोपलीभर कैऱ्या ठेवून आले. वाडीला वाटलं, काय दिलदार माणूस! आठवड्याने कळलं की होडीच्या दोन इंजिनांचा विसारही देऊन आलेत. आमच्याकडे होडीच नाही. मग देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. दोन महिन्यांनी तेच काका माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. निदान व्हायला आणखी दोन वर्षं गेली. तेव्हापासून लिथियम चालू आहे, आणि मधला काळ बहुतेक बरा गेलाय.

तर रविवारी मी त्यांच्या ओटीवर बसून एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्टचा प्रस्ताव तपासत होते. अमुक पाल्याच्या अर्काचा उंदरांमधल्या मॅनियावर परिणाम, असं काहीसं शीर्षक. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "उंदराला मॅनिया झालाय हे कोण सांगतं? त्याची बायको?"

हसू नका. प्रश्न खरा आहे. काकांचा मॅनिया काकूनेच ओळखला होता, डॉक्टरच्या आधी.

प्रयोगशाळेत बायकोच्या जागी एक पेटी असते. अ‍ॅक्टोफोटोमीटर. चौकोनी बंद पेटी, आत आडवे प्रकाशकिरण, उंदराने किरण तोडला की बाहेरचा आकडा एकने वाढतो. फार्मसी केलेल्या सगळ्यांनी ती पाहिली असेल. एम.फार्म.ला असताना मी एका उंदराला कॅफीन देऊन आत सोडलं तर आकडा पळतच सुटला. दुसरा नेमका किरणावर बसून अंग चाटत होता, त्याची मान खालीवर, आकडा टिकटिक वाढतोय. यंत्राच्या लेखी दोघेही उधळलेले. मुळात पहिल्याला तरी काय झालं होतं? कडक कॉफी झाली होती, एवढंच.

जुना मॅनियाचा प्रयोग याच जातीचा. उंदराला अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक द्यायचं, मेंदूत डोपामिन या रसायनाचा पूर येतो, उंदीर सैरावैरा धावतो. आधीपासून लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट हे मॅनियावरचं औषध दिलेलं असेल तर धावणं बऱ्याचदा कमी होतं. मग म्हणायचं, हे मॅनियाचं मॉडेल, म्हणजे आजाराची जनावरातली प्रतिकृती. आफ्रिकेत बाणांना लावायचं ऊआबेन नावाचं विष मेंदूच्या पोकळीत सोडूनही उंदीर असेच धावतात. पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पडतो म्हणून.

पण धावणं म्हणजे मॅनिया का? तुम्हाला काय वाटतं?

माडाखालचा

वायंच सोप्या भाषेत सांग गे बाय. आमच्या माडार उंदीर चडतत, शहाळी पोखरतत, रातभर निजनत नाय. ते सगळे मॅनियाचे काय?

जांभा

माडाखालचा =)) त्यांना मॅनिया नाही, तुम्हाला आहे. पत्र्याचे पट्टे मारा खोडाला.

खाडीकाठ

माडाखालचा, तुमचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे हो. उंदीर मुळातच निशाचर. आपण सकाळी दहाला प्रयोग लावतो ती त्याची मध्यरात्र. झोपेतून उठवलेला प्राणी धावला तर त्याचा अर्थ काय लावायचा? मॅनियाचं पहिलं लक्षण झोप उडणं, आणि आपण ते अशा जनावरात शोधतो ज्याचं घड्याळ आपल्या उलट चालतं.

डॉ_सड्यावरून

मी मनोविकारतज्ज्ञ. ओपीडीत 'धावणं' हे लक्षण म्हणून क्वचितच येतं. येतं ते असं: चार दिवस रोज दोन-दोन तासच झोप, तरी थकवा नाही. बोलणं थांबत नाही. पैसे उधळणं. आपण कोणीतरी मोठे आहोत अशी खात्री. अडवलं की चिडचिड. यातलं उंदरात काय काय दिसू शकतं? हालचाल, झोप, धोका पत्करणं, गोड पाण्याची किंवा नशेची जास्त ओढ, आक्रमकपणा. मोठेपणाची खात्री उंदरात मोजता येत नाही. विचारांची गर्दीही नाही.

मॉडेल तपासायच्या तीन कसोट्या आहेत. पॉल विलनर यांनी १९८४ मध्ये मांडल्या, त्या अजून वापरात आहेत. कोकणात बसून सांगायचं तर आंब्याची पेटी घ्या. वरून हापूस दिसतो का, ही पहिली. हापूसच्याच कलमावर लागलाय का, म्हणजे कारण तेच आहे का, ही दुसरी. आणि हापूसला जे लागू पडतं ते याला लागू पडतं का, म्हणजे माणसाला गुण देणारं औषध इथेही गुण देतं का, ही तिसरी. अ‍ॅम्फेटामिनचा उंदीर पहिल्या कसोटीला अर्धा आणि तिसरीला बऱ्यापैकी उतरतो. दुसरीत नापास. भाईकाकांना कोणी अ‍ॅम्फेटामिन दिलं नव्हतं.

कोकम_आगळ

म्हणजे कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत. कळलं :)

खाडीकाठ

कोकम_आगळ, अगदी! आणि विकणारा सांगतो, चव तीच आहे ना, मग खा.

डॉक्टर, दुसऱ्या कसोटीच्या जवळ जाणारा एक उंदीर मला माहीत आहे. १९९४ मध्ये जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाला रसायनाने जनुकं बिघडवलेल्या उंदरांत एक असा सापडला की ज्याचं रोजचं घड्याळच बिघडलेलं होतं. त्या जनुकाचं नावच 'क्लॉक' ठेवलं. पुढे २००७ मध्ये कॉलीन मॅकक्लंग आणि सहकाऱ्यांनी हेच उंदीर मॅनियाच्या नजरेने तपासले. झोप कमी, हालचाल जास्त, बिनधास्त उघड्यावर जाणं, साखरपाण्याची आणि कोकेनची ओढ जास्त. लिथियम दिल्यावर यातल्या बऱ्याच गोष्टी सामान्य उंदरासारख्या झाल्या. बाहेरून काही टोचायला नको, उपजतच तसा, हे मला त्यात आवडतं. आता बायपोलरच्या माणसांत क्लॉकचा नेमका हाच बिघाड असतो असं मुळीच नाही. पण घड्याळ, झोप आणि डोपामिन एका दोरीत बांधलेले आहेत एवढं तो दाखवतो. काकांच्या पालखीच्या रात्री मला त्यात दिसतात.

गुहागरची_लेक

वाचतेय. माझ्या आईला हाच आजार होता, त्यामुळे थोडं हळूहळू वाचतेय.

डॉ_सड्यावरून

झोपेवरून. ज्याला आजार आहे त्याची झोप तुटली की मॅनिया सुरू होऊ शकतो, हे आम्ही रोज पाहतो. लग्नघर, दशावतार, गणपतीतली जागरणं, रात्रपाळी. उंदरांतही तसा प्रयोग आहे. पाण्याच्या टाकीत मधोमध छोटीशी बैठक, त्यावर उंदीर ठेवतात. स्वप्नांची झोप लागली की स्नायू सैल पडतात, पाण्याला अंग लागतं, तो दचकून जागा होतो. असे तीन दिवस. मग पिंजऱ्यात परत आणला की वाटतं आता मेल्यासारखा झोपेल, तर सुमारे अर्धा तास झोपेचं नावच नाही. फिरतो, हुंगतो, दुसऱ्याच्या अंगावर जातो. लिथियमने हे कमी होतं. माझ्या मते पेटीतल्या आकड्यांपेक्षा हा अर्धा तास मॅनियाच्या जास्त जवळ आहे. दमलेला असून न दमलेला.

गुहागरची_लेक

डॉक्टर, तीन दिवस पाण्यावर? वाचून पोटात कालवलं. हे करायला परवानगी मिळते?

खाडीकाठ

ताई, सहजासहजी नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली केंद्राची एक समिती आहे, आम्ही सगळे तिला सीपीसीएसईए म्हणायचो. प्रत्येक संस्थेत प्राण्यांची एथिक्स कमिटी असावी लागते आणि किती प्राणी, कशासाठी, त्रास कमी कसा करणार, हे आधी लेखी द्यावं लागतं. प्राण्याऐवजी दुसरं काही चालतंय का, कमी प्राण्यांत भागतंय का, त्रास हलका होतोय का, हे तीन प्रश्न रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडले, त्यावरच सगळे फॉर्म उभे आहेत.

कागदावर. प्रत्यक्षात माझी एक जुनी चिडचिड आहे, ती इथे काढून टाकते. आमच्याकडे अर्काचे प्रोजेक्ट फार. परसातला पाला आणायचा, वाटायचा, अल्कोहोलमध्ये भिजवायचा, उंदराला पाजायचा, पेटीत सोडायचा. आकडा कमी झाला की झालं मॅनियाविरोधी औषध! अरे, पोट बिघडलेला उंदीरही कमी धावतो. शुद्धीवर नसलेलाही कमी धावतो. मी स्वतः असे दोन प्रोजेक्ट पास केलेत, त्यामुळे दुसऱ्याला बोलण्याचा फार अधिकार नाही. पण या वेळच्या मुलाला सांगितलंय की निदान चालताना तोल जातो का ते फिरत्या दांड्यावर तपास, नाहीतर विषय बदल. नुसती पेटी असेल तर एकही उंदीर खर्ची घालू नकोस.

जांभा

विषय काय झाला मग त्याचा?

खाडीकाठ

विचार करतोय म्हणतो. म्हणजे रुसलाय.

तांबडा_कौल

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. ताईंनी पाल्याच्या अर्काची टर उडवली ती योग्यच, पण सर्पगंधा विसरू नका. सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात मिळणारी ती मुळी. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेडावर आणि रक्तदाबावर तिच्याबद्दल लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. आणि पुढे ते रेसर्पिन दिलेले ससे! स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवलं की रेसर्पिनने पार ढेपाळलेले ससे एल-डोपा (मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते) टोचल्यावर उठून हिंडू लागतात. डोपामिनचं महत्त्व तिथून कळलं, २००० साली त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या क्लॉकवाल्या उंदराचं डोपामिनही शेवटी त्या सशांचंच देणं.

(मी वैद्य आहे. कोणीही मुळी उगाळून पिऊ नये. रक्तदाब घसरतो, आणि मन खचल्याच्या तक्रारी तेव्हाही नोंदल्या गेल्या होत्या.)

डॉ_सड्यावरून

वैद्यबुवा, क्या बात! आणि १९४९ म्हणालात म्हणून राहवत नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांचा लिथियमवरचा लेख आला. माझी आवडती गोष्ट आहे, लांबण लागेल.

केड तीन वर्षांहून जास्त काळ सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या मनोरुग्णालयात नोकरी. त्यांच्या डोक्यात एक कल्पना: मॅनियात शरीरात काहीतरी विषारी साठत असणार आणि ते लघवीतून बाहेर पडत असणार. एका जुन्या पडीक स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडली. रुग्णांची लघवी घरच्या फ्रिजमध्ये. (घरच्यांचा विचार करा.) ती गिनीपिगला टोचायची. मॅनियाच्या काही रुग्णांची लघवी जास्त घातक निघाली, म्हणून संशय युरिक अ‍ॅसिडवर गेला. पण युरिक अ‍ॅसिड पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचा चांगला विरघळणारा क्षार म्हणून लिथियम युरेट घेतलं. विष वाढायच्या ऐवजी कमी झालं! मग नुसतं लिथियम कार्बोनेट दिलं, तर दोनेक तासांनी गिनीपिग एकदम सुस्त. उताणा केला तरी धडपड न करता वर बघत पडून राहायचा. काही वेळाने पुन्हा ताजातवाना.

केडनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं आणि मग मॅनियाच्या दहा रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण एक्कावन्न वर्षांचा, वर्षानुवर्षं आवरत नसलेला. मार्च १९४८ मध्ये औषध सुरू झालं आणि तो घरी गेला, कामालाही लागला. १९५० मध्ये तोच लिथियमच्या विषबाधेने गेला, तेव्हा रक्तातली पातळी मोजून डोस ठरवायची रीत नव्हती. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स स्कौ यांनी शिस्तीत चाचणी घेतली, अमेरिकेत मान्यता १९७० मध्ये.

आता गंमत बघा. लघवीतल्या विषाची कल्पना चूक. युरिक अ‍ॅसिडही चूक. आणि तो उताणा गिनीपिग? आज बहुतेकांना वाटतं की तो शांत झाला नव्हता, त्याला लिथियम चढलं होतं. डोस जास्त झाला होता.

कोकम_आगळ

म्हणजे तिन्ही कसोट्यांत नापास झालेल्या जनावराने औषध दिलं??

खाडीकाठ

हो ना! मला हेच पचत नाही. आम्ही मुलांना कसोट्या घोकायला लावतो आणि सगळ्यात मोठं औषध आलं ते अशा गिनीपिगकडून की ज्याला मॅनिया तर नव्हताच, आजारही नव्हता. चुकीचा प्रश्न, चुकीचं जनावर, आणि समोर जे घडलं ते टिपून ठेवणारा माणूस.

पण म्हणून कसोट्या सोडायच्या असंही नाही. केडना एकदा मिळालं, बाकी किती जणांचे गिनीपिग नुसतेच उताणे पडले असतील ते कोणी छापलं नाही.

बंदरावरचा

हे वाचून हात थांबले. माझा भाऊ ट्रॉलरवर असतो, सात वर्षं लिथियमवर. गेल्या मे महिन्यात चार दिवस उलट्या-जुलाब, हात इतके थरथरायचे की चहाचा कप धरवेना, चालताना झोकांड्या. बोटीवरचे म्हणाले प्यायलाय. तो पीत नाही. किनाऱ्यावर एका दवाखान्यात नेलं, तिथे उन्हाचा त्रास म्हणून सलाइन लावून पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरने गोळ्यांची पिशवी बघितली तेव्हा रक्त तपासलं. पातळी दोनच्या वर. त्याच्या आधीचा आठवडाभर पाठदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेत होता.

म्हणजे त्या दिवशी तोच गिनीपिग होता.

डॉ_सड्यावरून

बंदरावरचा, वाचला हे नशीब. आणि हे सगळ्यांसाठी लिहितो, कारण आपल्या हवेत हे घडतं.

लिथियम हा क्षार आहे, शरीर त्याला मिठासारखंच वागवतं. घामाने किंवा जुलाबाने पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला बघतं आणि लिथियमही धरून ठेवतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी पातळी वाढते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही. डॉक्टरला न विचारता अळणी जेवण सुरू केलं तरी. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतो, दीडच्या वर गेली की धोका. जाडसर थरथर, उलट्या, जीभ जड, तोल जाणं: लगेच दवाखाना आणि पहिलं वाक्य 'पेशंट लिथियमवर आहे'. पण घाबरून गोळी कायमची मनाने बंद करायची नाही, आजार उलटतो. वर्षातून एक-दोनदा थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणीही.

बंदरावरचा

धन्यवाद डॉक्टर. त्याच्या पाकिटात चिठ्ठी लिहून ठेवतो.

जांभा

मूळ मुद्द्यावर येतो. मॅनिया उंदरात तुकड्या-तुकड्याने दिसतो हे पटलं. पण बायपोलर म्हणजे नुसता मॅनिया नाही ना? वर जाणं, खाली जाणं, मधे बरं असणं. असा आपणहून वर-खाली होणारा उंदीर आहे का?

डॉ_सड्यावरून

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. महिनोन्‌महिने वर, मग महिनोन्‌महिने खाली, आपलं आपण, असा उंदीर नाही. क्लॉकवाल्या उंदरांबद्दल २०१५ मध्ये एक गोष्ट पुढे आली: त्यांची मॅनियासारखी लक्षणं दिवसा दिसतात आणि रात्री ते सामान्य उंदरासारखे वागतात, आणि दिवसाच त्यांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जास्त पेटलेल्या असतात. चक्र आहे, पण रोजचं, आणि त्यात खाली जाणं नाही.

उलट्या दिशेनेही प्रयत्न झाला आहे, तो मला जास्त भावतो. सॅन डिएगोत उंदराची पेटी मोठी करून माणसांसाठी खोली केली. अनोळखी खोली, छोट्या रंगीत वस्तू, पेशंटला काही न सांगता पंधरा मिनिटं एकटं सोडायचं आणि बघायचं. मॅनियातली माणसं जास्त फिरली आणि वस्तू जास्त हाताळल्या. हा नमुना उंदरांशी ताडून पाहिला तर अ‍ॅम्फेटामिनवाले जुळले नाहीत, ते नुसतेच धावत होते. ज्यांच्यात डोपामिन परत उचलणारं प्रथिन जन्मतःच फक्त दहा टक्के होतं, ते जास्त जुळले.

खाडीकाठ

डॉक्टर, हे मी काकांना वाचून दाखवलं. अख्खा धागाच दाखवला. माडाखालचांवर पोटभर हसले. मग त्या खोलीपाशी थांबायला सांगितलं आणि म्हणाले, "मला त्या खोलीत सोडला असता तर पंधरा मिनिटांत मी ती विकत घेतली असती."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले की इंजिनवाल्याने विसार परत दिला होता, पण त्याच्या दुकानावरून जायला लागू नये म्हणून ते तीन वर्षं बंदरावर लांबच्या वाटेने जायचे. हे कुठल्या पेटीत मोजता, असं विचारलं. मी म्हटलं, नाही मोजत.

गुहागरची_लेक

आई पण अशीच एक गल्ली टाळायची.

माडाखालचा

काकांक माजो नमस्कार सांग. आनि गणपतीत भजनाक येतत काय इचार.

खाडीकाठ

सांगितलं. येतात, पण डबलबारी असली तरी अकराला उठतात, काकूची सक्त ताकीद आहे. गेल्या वर्षी समोरच्या बुवांनी नेमका गजर धरला आणि काकू बॅटरी घेऊन मांडवाच्या दारात. घरी पोचेपर्यंत कुरकुर चालू होती त्यांची, म्हणे उंदराला तरी तीन दिवस जागं ठेवतात.